सांभार डावीकडे

१

चोरीला गेल्या होत्या त्या भाज्या. पालक, मुळा, कोकम, वाटाणा. शनिवारी दुपारी ॲथलोनच्या हॉलमध्ये, दोन पंच आणि गच्च भरलेले प्रेक्षक यांच्या देखत कुणीतरी त्या उचलल्या, आणि कॉर्कच्या हार्बर हेरन्स संघाला मोसमातला सगळ्यात लाजिरवाणा पराभव पत्करावा लागला.

"आतल्याच कुणीतरी सांगितलंय," ग्रॉन्या म्हणाली. ती हेरन्सची प्रशिक्षक. पद्मजाच्या स्वयंपाकघरात कोट न काढता बसली होती आणि समोरच्या चहाला तिने हात लावला नव्हता. "आम्ही पास टाकायच्या आधी समोरच्या मुली तिथे उभ्या होत्या. नशीब एवढं चांगलं कुणाचंच नसतं."

पद्मजाची मुलगी तन्वी हेरन्सची सेंटर होती. नेटबॉल हा सात जणींचा खेळ. बॉल हातात घेऊन पळता येत नाही आणि फार वेळ धरूनही ठेवता येत नाही. झेलायचा आणि लगेच दुसरीकडे फेकायचा. प्रत्येक गोलनंतर खेळ मधल्या वर्तुळातून पुन्हा सुरू होतो आणि तिथून पहिला पास देते ती सेंटर. पास कुठे जाणार हे आपल्या मुलींना आधी कळलं पाहिजे, समोरच्यांना कळता कामा नये. यावर तन्वीने काढलेली युक्ती म्हणजे भाज्या. शिट्टीच्या आधी ती मराठीत एका भाजीचं किंवा फळाचं नाव ओरडायची. हिरवी असेल तर पास डावीकडे, लाल असेल तर उजवीकडे, जमिनीखालची असेल तर मागे. शब्द रोज बदलले तरी चालत. गाजरावर मात्र बंदी होती, कारण सरावात गाजर म्हटल्यावर एक जण उजवीकडे पळाली, एक मागे, आणि दोघींची डोकी आपटली.

तन्वीला मराठी सगळी कळायची. उत्तर ती कॉर्कचा हेल काढून इंग्रजीतच द्यायची. घरात मराठीतलं एक वाक्य जुळवायला कंटाळणारी ही मुलगी कोर्टवर मात्र भाजीवाल्यासारखी ओरडायची. साऱ्या मोसमात ती युक्ती फळली होती. लीगमध्ये हेरन्स अंतिम सामन्यात पोहोचल्या होत्या. येत्या शनिवारी लिमरिकला तो सामना होता आणि समोर पुन्हा ॲथलोनचाच संघ होता, शॅनन स्विफ्ट्स.

"तू तन्वीबद्दल बोलायला आलीस," पद्मजा म्हणाली.

ग्रॉन्याने मान हलवली. "स्विफ्ट्सनी तिला पुढच्या मोसमासाठी बोलावलंय. हे तिने मला सांगितलं नाही. मला बाहेरून कळलं. आता तूच सांग, बाकीच्या मुली काय समजतील? गुरुवारी मी संघ जाहीर करणार आहे. तोवर दुसरं काही समोर आलं नाही, तर तन्वी त्यात नसेल."

वरच्या मजल्यावर तन्वीच्या खोलीचं दार हळूच लागलं. तिने सगळं ऐकलं होतं.

२

पद्मजा रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात होती. एखाद्या बॅचमध्ये खोट निघाली की ती का निघाली हे शोधायचं, हे तिचं काम. कामावर ती फार बोलत नसे. एका वेळी एक प्रश्न विचारायची आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबायची. तिथे ही पद्धत उपयोगाची होती. घरी तीच घात करून गेली.

"तनू," ती जिन्यावर बसून म्हणाली, "तू कुणाला सांगितलं होतंस का?"

दार उघडलं. तन्वीचे डोळे कोरडे होते, ते जास्त वाईट होतं. "तूसुद्धा?" ती इंग्रजीत म्हणाली.

"मी सगळ्यांनाच विचारणार आहे."

"सगळ्यांना विचार. मला विचारायचं नव्हतंस, आई."

"मग त्या स्विफ्ट्सच्या बोलावण्याचं का लपवलंस?"

"कारण मी नाही म्हणणार होते! फायनल झाल्यावर सांगणार होते, उगाच आत्ता कुणाचं डोकं फिरायला नको म्हणून." तिने दाराच्या चौकटीला डोकं टेकवलं. "जाऊ दे. तुला पुरावा लागतो ना? माझ्याकडे नाहीये."

दार पुन्हा लागलं. पद्मजा तशीच बसून राहिली. कामावर असं दार कधी कुणी लावलं नव्हतं. शैलेंद्र, तिचा नवरा, कामासाठी परगावी गेलेला. फोनवर तो म्हणाला असता, तू जरा गोड शब्दात विचारायचं होतंस. खरंच होतं ते.

खाली तिचे सासरे शशिकांत खिडकीपाशी बसले होते. नागपूरजवळच्या काटोलचे. वसंतात आयर्लंडला आले ते या खेळाच्या प्रेमातच पडले. हेरन्स म्हणजे बगळे, म्हणून ते संघाला 'आपले बगळे' म्हणत, आणि सगळा संघ त्यांना 'आबा'. सरावाला पिशवीत खऱ्या भाज्या घेऊन जायचे, एकेक वर धरून आयरिश मुलींकडून नाव घोकून घ्यायचे. गेल्या आठवड्यात त्यांनी गावाकडचे दोन नवे शब्दही शिकवले होते. एरवी बसमध्ये, दुकानात, रांगेत कुणाशीही गप्पा ठोकणारा हा माणूस शनिवारपासून गप्प होता.

"बाबा, तुम्हाला बरं नाही का?"

"ग्रँड आहो मी," ते आयरिश लोकांसारखं म्हणाले आणि तोंड फिरवून बाहेर बघू लागले.

३

सामन्याचं चित्रण गंधारने केलं होतं. मूळचा पुण्याचा, ॲथलोनमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करणारा मुलगा. शनिवार-रविवारी हौसेने हेरन्सचे सामने टिपायचा. पद्मजाने बोलावलं तेव्हा तो चित्रण घेऊन स्वतः कॉर्कला आला.

"पद्मजाताई, मी तीनदा बघितलं. मला तर काही सापडलं नाही. आपण हरलो, बस."

"आपण हरलो कधीपासून?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे बॅच बिघडली की मी आधी विचारते, कुठली बिघडली नाही? चल, तेच बघू."

चार डावांचा सामना. पहिल्या डावात हेरन्स सहज पुढे होत्या. तन्वी ओरडत होती, पास सुटत होते, स्विफ्ट्सच्या मुली चुकीच्या बाजूला धावत होत्या. दुसऱ्या डावाच्या मध्यावर चित्र पालटलं. तिथून पुढे शिट्टी वाजायच्या आधीच स्विफ्ट्सची बचाव करणारी मुलगी योग्य बाजूला सरकलेली असायची.

"ही पहिली गोष्ट," पद्मजा म्हणाली. "चावी खिशात घेऊन आलेला चोर अर्धा तास कुलपाशी झगडत बसतो का? त्यांना सामन्याच्या आधी काही माहीत नव्हतं. कळलं ते तिथेच, सामना चालू असताना."

"म्हणजे तन्वी सुटली!"

"कशी? पहिल्या डावानंतरच्या सुटीत सांगता येतं की." ती हे बोलली आणि स्वतःवरच चिडली. पण अर्धवट उत्तराला ग्रॉन्याही भुलली नसती.

मग तिने चुकांकडे लक्ष दिलं. दुसऱ्या डावानंतर स्विफ्ट्स फक्त तीन वेळा चुकल्या होत्या. एकदा तन्वी ओरडली, "भेदरं!" तेव्हा बचाववाली जागच्या जागी थबकली आणि पास उजवीकडे निघून गेला. भेदरं म्हणजे टोमॅटो. पण ते विदर्भात. पुण्यात हा शब्द कुणी ऐकलेला नसतो.

दुसऱ्यांदा तन्वी ओरडली, "सांभार!"

इथे मात्र ती मुलगी थबकली नाही. बाणासारखी उजवीकडे सुटली आणि पास डावीकडे गेला.

पद्मजाने चित्रण थांबवलं. मग तिला हसू आलं, या आठवड्यातलं पहिलंच.

लग्नानंतर ती पहिल्यांदा काटोलला गेली होती तेव्हाची गोष्ट. सासूबाई चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, पोरी, परसातून सांभार आण. पुण्याच्या सुनेला वाटलं, परसात कुठल्या चुलीवर आमटी शिजतेय की काय. ती पातेलं घेऊन गेली. चांगली हिंडून परत आली आणि म्हणाली, तिथे पातेलं नाही, नुसती कोथिंबीर आहे. नंतर कितीतरी दिवस काटोलमध्ये ती गोष्ट सांगून लोक पोट धरून हसत.

"गंधार, सांभार म्हणजे काय?"

"इडलीबरोबर..." तो थांबला. "नाही, म्हणजे तुमच्याकडे..."

"काटोलला सांभार म्हणजे कोथिंबीर. हिरवी. डावीकडे. हेरन्सच्या प्रत्येक मुलीला आबांनी जुडी दाखवून शिकवलंय. त्यांच्यापैकी कुणी फोडलं असतं तर 'सांभार म्हणजे डावीकडे' असंच सांगितलं असतं. ही मुलगी उजवीकडे गेली. भेदरं तिला कळलंच नाही म्हणून ती थांबली; सांभार तिला कळलं, पण चुकीचं कळलं. तिच्या कानात लालभडक आमटी होती." पद्मजा हळूच म्हणाली, "हा कान मराठी आहे. पण विदर्भातला नाही. पुण्याकडचा आहे."

तिच्या माहितीत त्या दिवशी हॉलमध्ये पुण्याचा मराठी माणूस एकच होता आणि तो तिच्या शेजारी बसला होता.

४

"ताई," गंधार म्हणाला, "मी ॲथलोनला राहतो म्हणून मी स्विफ्ट्सचा होत नाही हां."

"पहिल्या डावानंतर तू कॅमेरा सोडून गेला होतास. चित्र बराच वेळ एका जागी आहे."

"कॉफी आणायला! आबांसाठी. विचारा त्यांना. दोन साखरा घालून."

पद्मजाने चित्रण मागे नेऊन पुन्हा सांभारवर आणलं. या वेळी तिने एकाही मुलीकडे पाहिलं नाही. फक्त चौकटीकडे पाहिलं. तन्वी ओरडली. बॉल अजून तिच्या हातात होता. आणि चित्राची चौकट डावीकडे वळायला लागली.

"तुझी माफी मागायला हवी," ती म्हणाली. "बॉल सुटायच्या आधी कॅमेरा डावीकडे वळलाय. तुला सांभारचा अर्थ माहीत होता."

गंधारने श्वास सोडला. "आबांनी मला गाडीत शिकवला होता. वर म्हणाले, पुण्याच्या लोकांना जेवता येते, पण भाजी ओयखता येत नाही."

"मग राहिलं कोण?" पद्मजा स्वतःशीच म्हणाली.

"मी राहिलो."

दारात शशिकांत उभे होते. हातात नेहमीची काठी नव्हती. भिंतीला धरून आले होते. "पोरीवर आळ घेऊ नको, पद्मजा. म्याच सांगून देल्लं."

५

त्यांना बसवून, पाणी देऊन, पद्मजाने या वेळी काहीच विचारलं नाही. नुसती शेजारी बसली. ते आपणहून बोलू लागले.

"बाजूले एक माणूस बसला होता. निया मफलर होता गळ्यात, म्हणजे त्या लोकायचा. पण मोठा सभ्य. तनू वरडली का तो माह्याकडे पाहे. मग त्यानं इचारलं, ही भाषा कोनती? म्या म्हटलं, मराठी. झालं! मले कोनी इचारलं का माहं तोंड थांबते का? भाज्या सांगितल्या, रंग सांगितले. अख्खं बिंग फोडून बसलो. आन् पाहता पाहता आपले बगळे हराले लागले." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "पोरगी इतक्या दिवसाची मेहनत करून राहिली, आन् आजानंच तिचं वाटोळं केलं."

"बाबा, तो माणूस मग उठून खाली गेला का? कुणाशी बोलला? फोन केला?"

"नाही ना बाप्पा. शेवटपर्यंत माह्याजवयच बसून होता. मले म्हणे, ते नाव पुन्हा सांगा. कोनतं नाव, तर दोडका. म्या तीनदा सांगितलं. मंग त्यानं डोळे पुसले. म्या म्हटलं, सर्दी झाली असंल."

पद्मजा आणि गंधारने एकमेकांकडे पाहिलं. तिसरी चूक. गंधारने चित्रण पुढे नेलं.

"दोडका!" तन्वी ओरडली.

दोडका सगळीकडे दोडकाच असतो. हिरवा, डावीकडचा. पण स्विफ्ट्सची ती बचाववाली हलली नाही. गोंधळली होती असं नाही. भेदरं ऐकल्यावर कपाळाला आठी पडली होती तशी आठी नव्हती. ती नुसती तन्वीकडे बघत राहिली, गर्दीत कुणी आपल्याला नावाने हाक मारावी तशी. पास तिच्या खांद्यावरून निघून गेला तरी तिने वळून पाहिलं नाही.

काळे केस, गालावर आयरिश ठिपके, भुरे डोळे. या देशात कुणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही अशी मुलगी.

"हिचं नाव काय?"

"रे," गंधार म्हणाला. "सगळे रे म्हणतात. आर. मॅकनमारा."

शशिकांत खुर्चीत ताठ झाले. "मॅकनमारा? अरे, त्या माणसाचं नाव तेच! एनिसले सायकलीचं दुकान हाय त्याचं. मले म्हणे, कधी आले तर चक्कर मारा."

६

बुधवारी पद्मजाने सुटी टाकली. शशिकांत बरोबर यायचंच म्हणून हटून बसले.

एनिस गावातलं ते दुकान अरुंद गल्लीत होतं. दारात एक सायकल उलटी उभी केलेली आणि तिच्या चाकाशी वाकून एक मुलगी तार बसवत होती. मोकळ्या दिवशी ती बापाला हातभार लावायला घरी येत असावी.

पद्मजाने रात्रभर प्रश्न तयार केले होते. तिथे उभं राहिल्यावर तिला एकही विचारावासा वाटला नाही. ती नेहमीच्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तशी मराठीत म्हणाली, "अगं, इथे जवळपास चहा कुठे मिळेल? आमच्या बाबांना हवाय."

"पूल ओलांडला की डाव्या हाताला," मुलगी मान वर न करता इंग्रजीत म्हणाली. "तिथला चहा ग्रँड असतो. त्यांना फक्त सांगा की..."

तिचे हात थांबले.

चाक फिरत राहिलं. तिने हळूहळू वर पाहिलं, आधी पद्मजाकडे, मग शशिकांतांकडे, आणि तिचा चेहरा लाल झाला.

"मी काही चोरलेलं नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे," पद्मजा म्हणाली. "मी तन्वीची आई."

तिचं खरं नाव रेवा. आई पुण्याची होती, विभावरी. रेवा शाळेत असतानाच ती गेली, आणि तिच्याबरोबर घरातली मराठीही गेली. बापाला मराठी येत नव्हती. तो आतून हात पुसत आला आणि शशिकांतांना बघून त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"पहिल्या डावात मला वाटलं, मला भास होतोय," रेवा इंग्रजीत सांगत होती. "आमच्या किचनमधले शब्द. इतक्या वर्षांनी, आणि तेही शॅनन स्विफ्ट्सच्या मॅचमध्ये! मग लक्षात आलं, पालक म्हटलं की डावीकडे, कोकम म्हटलं की उजवीकडे. बाकीच्या मुलींना मी पाठीमागे हाताने खुणा केल्या. कुणाला सांगितलं नाही मला कसं कळतं ते. सांगितलं तर आईबद्दल बोलावं लागलं असतं."

"आणि दोडका?" पद्मजाने विचारलं, आणि लगेच म्हणाली, "नको सांगूस. तो प्रश्न मी मागे घेते."

रेवा थोडा वेळ तारेशी चाळा करत राहिली. "लोक मुलांना लाडके म्हणतात ना. माझी आई मला दोडका म्हणायची. दृष्ट लागू नये म्हणून." तिने बोलून बघायला ओठ उघडले, पुन्हा मिटले. "मला सगळं कळतं. तोंडातून निघत नाही. आई गेल्यापासून एकही वाक्य निघालेलं नाही."

पद्मजाला पुढचं बोलणं जड गेलं. "माझ्या मुलीवर आळ आहे. मी हे प्रशिक्षकाला सांगितलं नाही तर ती फायनल खेळणार नाही. सांगितलं तर शनिवारी तुझा फायदा जाईल. ते तुझ्या कानाचा उपयोग तुझ्याविरुद्धच करतील. तू नको म्हणालीस तर मी दुसरा काही मार्ग शोधेन."

"कसला मार्ग? नाहीये दुसरा," रेवा म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "सांगा. दोडका सोडून सगळं सांगा."

७

ग्रॉन्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पहिला डाव, सांभार, भेदरं, कॅमेऱ्याची चौकट, सायकलीचं दुकान. मग तिने कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे गुन्हाच घडला नाही."

"नाही. एका मुलीला मराठी येते, एवढंच."

"एका मुलीला मराठी येते!" ग्रॉन्या उठून येरझारा घालू लागली. "मग आता शनिवारी उलटं करू. हिरवी उजवीकडे. दर डावात नियम बदलू. ती ऐकेल आणि फसेल."

घरी आल्यावर पद्मजा पुन्हा त्याच जिन्यावर बसली. या वेळी तिने प्रश्न केला नाही. सगळं सांगितलं, आणि जे ग्रॉन्याला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं.

"हे मला का सांगतेस?" तन्वीने विचारलं. "ती म्हणाली होती ना, दोडका सोडून?"

"तुला हिरवा शब्द हवा असेल आणि चुकून तोच तोंडात आला तर? मी वर प्रेक्षकांत बसून ते बघू शकणार नाही. हे माहीत नसलेल्या सेंटरला मी कोर्टवर पाठवणार नाही." ती थांबली. "आणि मी त्या दिवशी तुला विचारायला नको होतं. चूक झाली. तुझ्यावर विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवायला हवा."

"पण वेळ आली तर मी तो वापरू शकते. आता मला माहीत आहे."

"हो. वापरू शकतेस."

तन्वी जिन्यावर आईच्या शेजारी येऊन बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

८

लिमरिकच्या हॉलमध्ये शनिवारी अर्धी बाजू स्विफ्ट्सची, निळी होती, अर्धी हेरन्सची, पांढरी. गंधार कॅमेऱ्याशी. शशिकांत आणि रेवाचे वडील पुन्हा शेजारी शेजारी. दोघांत एकही भाषा धड सामाईक नसताना त्यांच्या गप्पा चालल्या होत्या.

पहिल्या डावात रेवा सपशेल फसली. दुसऱ्या डावात तिने नवा नियम ओळखला. तिसऱ्यात तन्वीने तो बदलला, चौथ्यात रेवाने पुन्हा शोधला. मधूनच तन्वी "गाजर!" ओरडली आणि हेरन्सच्याच दोघी दचकल्या, रेवाला हसू आवरेना. पद्मजाला जाणवलं, की त्या दोघी एकमेकींशी खेळत होत्या. बाकीच्या बारा जणी त्या बोलण्यात सामील नव्हत्या.

शेवटी गोल बरोबरीत आले. थोडाच वेळ उरला होता. मधला पास हेरन्सचा. तन्वीने बॉल हातात घेतला.

बाकावरून ग्रॉन्या ओरडत होती, काहीही कर, काहीही! समोर रेवा वाकून उभी, कान टवकारलेले. तन्वीला हिरवा शब्द हवा होता. तिने तोंड उघडलं, आणि क्षणभर थांबली. पद्मजाने खुर्चीचा दांडा घट्ट धरला. त्या क्षणात कोणता शब्द उभा होता, ते हॉलमध्ये मोजक्याच माणसांना माहीत होतं.

"मेथी!" तन्वी ओरडली.

शिट्टी वाजली. रेवा झेपावली, योग्य बाजूला, बोटांच्या टोकांनी बॉल अडवला, पुढे फेकला. निळी बाजू उठून उभी राहिली. गोल झाला. आणि मग वेळ संपली.

ग्रॉन्या बाकावर बसून राहिली. पुष्कळ वेळाने ती तन्वीजवळ आली आणि म्हणाली, "तुझ्याविषयी मी आधी तुलाच विचारायला हवं होतं." तन्वीने मान हलवली. तिच्याकडून तेवढंच झालं.

बाहेरच्या व्हरांड्यात तन्वी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. घोट्यावर बर्फ, चेहरा रडून सुजलेला. पद्मजा शेजारी, शशिकांत खुर्चीवर. कुणी कुणाचं सांत्वन करत नव्हतं.

रेवा आली. गळ्यातलं पदक तिने जर्सीच्या आत लपवलं होतं, पण फीत दिसत होती. ती समोर उभी राहिली. तिला काही म्हणायचं होतं आणि ते कोणत्याच भाषेत येत नव्हतं.

तन्वीने वर पाहिलं. नाक पुसलं. आणि मग, घरात ज्या भाषेतलं एक वाक्य तिला जड जायचं, त्या भाषेत, शब्द शोधत शोधत म्हणाली, "तू माझा बॉल घेतलीस. मी... मला तुझा खूप राग आली."

"आला," रेवा म्हणाली.

सगळे थांबले. रेवाने तोंडावर हात ठेवला. तिचे वडील व्हरांड्याच्या टोकाला होते; ते होते तिथेच उभे राहिले.

"काय?" तन्वी म्हणाली.

"राग... आला," रेवा हळू, चाचपडत म्हणाली. "आली नाही. आला."

तन्वी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने बर्फाची पिशवी उचलली, बाजूला सरकली आणि भिंतीशी जागा करून दिली.